गाळातला तंतू कामाला लावताना: गिरणीच्या टाकाऊ मालातून रद्दीच्या कागदाला बळ कसं द्यायचं

रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरणीत दोन तक्रारी रोजच्या असतात. लॅबवाले म्हणतात, बर्स्ट (फाटायच्या आधी कागद किती दाब सोसतो तो आकडा) बसत नाही. ईटीपीवाले, म्हणजे गिरणीचं सांडपाणी शुद्ध करणारे, म्हणतात, गाळ साचलाय, गाडी पाठवा. पहिली तक्रार मिटवायला स्टार्च, ताज्या लाकडाचा लांब तंतू आणि ड्राय स्ट्रेंग्थची, म्हणजे कोरड्या कागदाला बळ देणारी, रसायनं विकत आणली जातात. दुसरी मिटवायला आपलाच तंतू पैसे मोजून बाहेर टाकला जातो. हे दोन खर्च एकमेकांना भेटवावेत असं कुणाच्याही मनात येईल. आणि ते जमतं. फक्त ईटीपीचा गाळ पंपाने उचलून मिक्सिंग चेस्टमध्ये (पल्प मिसळायच्या टाकीत) सोडला की झालं, असं ते नाही. तसं केलं की कागद आणखी कमजोर होतो, वायरवर, म्हणजे मशीनच्या जाळीवर, पाणी निथळत नाही आणि पुढची चार वर्षं त्या गिरणीत हा विषय कुणी काढत नाही.

मुद्दा असा, की गाळ ही एक वस्तूच नाही. त्यात बळ देणारा भाग असतो आणि बळ खाणारा भागही असतो. दोन्ही वेगळे करायचे, कामाचा भाग नीट पिंजायचा आणि मिळालेल्या बळाची किंमत निथळण्यात किती मोजली ते पाहायचं. हे लॅबपासून मशीनवरच्या पहिल्या ट्रायलपर्यंत कसं करायचं, ते खाली दिलं आहे.

आधी रोग समजून घ्या

रद्दीतला तंतू तुटका असतो म्हणून कागद कमजोर होतो, हा समज अर्धाच खरा आहे. एकेका तंतूची स्वतःची ताकद पुनर्वापरात फारशी कमी होत नाही. कमी होतो तो दोन तंतूंमधला जोड. रासायनिक पल्पचा (रसायनांत शिजवलेल्या लगद्याचा) तंतू पहिल्यांदा वाळतो तेव्हा त्याच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि आतले पापुद्रे एकमेकांना चिकटून बसतात. पुन्हा भिजवला तरी ते पूर्ण उघडत नाहीत. तंतू फुगत नाही, लवत नाही, शेजारच्या तंतूला अंग टेकत नाही. जर्मन संशोधक गेओर्ग जायमे यांनी १९४४ साली याला ‘शिंगासारखं होणं’ अशा अर्थाचं नाव दिलं. इंग्रजीत तेच हॉर्निफिकेशन झालं. शिंग जसं नुसतं भिजवून सहज मऊ पडत नाही, तसं. सगळ्यात मोठा फटका पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच बसतो.

तंतू शिंगाळला असेल तर त्याला पुन्हा रिफायनरमधून, म्हणजे तंतू घासणाऱ्या यंत्रातून, काढणं हा नेहमीचा उपाय. त्याने भिंत थोडी मोकळी होते, पण आधीच आखूड असलेला तंतू आणखी आखूड होतो आणि एसआर, म्हणजे पाणी किती हळू निथळतं त्याचा आकडा, चढतो. दुसरा उपाय म्हणजे मूळ तंतूला फार न छेडता जोडाच्या जागी भरायला वेगळा माल आणायचा. इतका बारीक आणि लवचिक माल, की दोन ताठ तंतूंमधल्या फटीत शिरून तो पूल बांधेल. आपण गाळातून तोच माल काढणार आहोत.

कुठला टाकाऊ माल घ्यायचा

गिरणीभर एक चक्कर मारा आणि बाहेर जाणारे प्रवाह एकेक करून लिहून काढा. प्रत्येकाला एकच ‘स्लज’ हा शब्द लावणं बंद करा. अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रायमरी क्लॅरिफायरचा (सांडपाण्यातला गाळ पहिल्यांदा खाली बसवणाऱ्या टाकीचा) गाळ हा आपला मुख्य उमेदवार. त्यात आखूड तंतू, बारीक तंतुकण म्हणजे फाइन्स आणि फिलर, म्हणजे कागदात भरलेली खनिज पूड, असतात. त्याहून चांगला माल थोडा अलीकडे, सेव्ह-ऑलवरून (मशीनच्या पाण्यातला तंतू परत पकडणाऱ्या यंत्रावरून) ओसंडणाऱ्या पाण्यात मिळतो, कारण तिथे अजून जमिनीवरची माती, गटाराची वाळू आणि बाकीच्या विभागांची धुणावळ मिसळलेली नसते. शेजारी लाकडाचा ताजा पल्प करणारा विभाग असेल तर त्याच्या स्क्रीनवर अडकलेल्या गाठी आणि न शिजलेल्या काड्या हे सोनं समजा. हा तंतू एकदाही वाळलेला नसतो, म्हणजे शिंगाळलेलाच नसतो.

सेकंडरी म्हणजे जैविक गाळाला हात लावू नका. तो मुख्यतः जिवाणूंचं वस्तुमान असतो. पाणी धरून ठेवतो, वास देतो, मशीनवर चिकट थर जमवतो. शाई काढण्याच्या विभागातला गाळही बळासाठी निरुपयोगी आहे; त्यात कार्बोनेट, चिनी माती आणि शाई यांचाच भरणा जास्त. बहुपदरी पुठ्ठ्याच्या मधल्या पदरात भर म्हणून तो वापरता येईल, पण तो वेगळा हिशेब झाला. आणि स्क्रीन रिजेक्टमधलं प्लॅस्टिक, स्टेपलच्या पिना, गोंदाच्या गोळ्या यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

राख मोजा, आणि दोनदा मोजा

पहिली चाचणी राखेची. १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेला नमुना क्रुसिबलमध्ये घेऊन भट्टीत ५२५ अंशांना जाळा. उरलं ते खनिज. बहुतेक लॅब इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. तेच क्रुसिबल पुन्हा ९०० अंशांना ठेवा आणि पुन्हा वजन करा. ५२५ अंशांना कॅल्शियम कार्बोनेट तसंच राहतं. ९०० अंशांना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेटचं वजन ४४ टक्क्यांनी घटतं.

उदाहरण घेऊ. कोरडा नमुना २.००० ग्रॅम. ५२५ अंशांनंतर ०.६४० ग्रॅम, म्हणजे राख ३२ टक्के. ९०० अंशांनंतर ०.४५० ग्रॅम. मधली घट ०.१९० ग्रॅम. तिला ०.४४ ने भागलं की ०.४३२ ग्रॅम कार्बोनेट, म्हणजे नमुन्याच्या २१.६ टक्के. उरलेली साधारण साडेदहा टक्के राख चिनी माती, टाल्क, वाळू वगैरेंची. चिनी मातीतलं बांधलेलं पाणी थोडं पुढे-मागे सुटतं, त्यामुळे एखाद्या टक्क्याची चूक राहते. निर्णयाला तेवढं चालतं.

हा फरक कळायला हवा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर अवलंबून आहे. फिलर तंतूंच्या मध्ये बसतो आणि जोड होऊ देत नाही. तुम्ही पाच टक्के गाळ घालाल आणि त्यातला तिसरा हिस्सा दगडाची पूड असेल, तर एका हाताने दिलेलं बळ दुसऱ्या हाताने काढून घेतलंत. माझा स्वतःचा ठोकताळा असा: राख दहा टक्क्यांच्या आत असेल तर सरळ पिंजायला घ्या, दहा ते तीसच्या मध्ये असेल तर आधी धुवा, तीसच्या वर असेल तर गिरणीत मागे जा आणि जिथे फिलर कमी आहे अशा ठिकाणचा नमुना शोधा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

राखेसोबत आणखी दोन गोष्टी नोंदवा. एक, २०० मेशच्या जाळीतून, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनच्या छिद्रातून, किती भाग खाली जातो. दोन, ताजेपणा. गाळाचा वास घ्या, पण उघड्या हवेतल्या बादलीतला, टाकीत वाकून नव्हे. आंबूस, कुजकट वास आला की जिवाणूंनी काम सुरू केलं आहे. गाळ दिवसभराच्या आत वापरात आला पाहिजे. उबदार पाण्यात त्याहूनही लवकर.

धुणं आणि गाळणं

आधी खडी, वाळू आणि पिना हायड्रोसायक्लोनमध्ये काढून टाका, मग ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फटीच्या स्क्रीनमधून माल घ्या म्हणजे प्लॅस्टिकचे कपटे आणि गोंदाच्या मोठ्या गोळ्या मागे राहतील. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळलीत तर पुढे पिंजणाऱ्या दगडाच्या चकत्या एका पिनेने खराब होतात. तिथे मग हळहळून उपयोग नसतो.

खरी अडचण फिलरची. फिलरचे कण काही मायक्रॉनचे, फाइन्स ७६ मायक्रॉनच्या आतले. जाळीतून दोन्ही खाली जातात. म्हणून एकाच जाळीवर भरवसा ठेवू नका. पहिल्या जाळीवर, २०० मेशवर, जे अडकतं ते आखूड तंतू. ते बाजूला काढा, तेच आपलं मुख्य भांडवल. खाली गेलेलं पाणी ४०० मेशवर, म्हणजे ३८ मायक्रॉनच्या आसपास, पुन्हा गाळा. तिथे फाइन्सचा जाडसर भाग अडकतो आणि फिलर बराचसा निघून जातो. बारीक फाइन्स हातचे जातील. जाऊ द्या. रद्दीच्या गिरणीतले फाइन्स असेही अनेकदा वाळून शिंगाळलेले असतात आणि न पिंजता घातले तर फिलरसारखेच वागतात.

कुणीतरी सुचवेलच, की आम्ल टाकून कार्बोनेट विरघळवून टाकू. लॅबमध्ये जरूर करा, कारण फिलर नसता तर काय झालं असतं हे त्यातून कळतं. पण मोठ्या प्रमाणावर करायच्या आधी हिशेब मांडा. वरच्याच नमुन्यात किलोभर कोरड्या गाळात २१६ ग्रॅम कार्बोनेट आहे. ते विरघळवायला सुमारे १५८ ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागेल आणि बदल्यात २४० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पाण्यात उतरेल. बंद पाणीचक्राच्या गिरणीत पाण्याची कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांमुळे येणारी वीजवाहकता) आधीच चढलेली असते. त्यात ही भर पडली की कॅटायनिक म्हणजे धन भाराचा स्टार्च आणि रिटेन्शन एड (बारीक माल कागदात धरून ठेवणारं रसायन) दोन्हींचं काम मंदावतं. शिवाय क्लोराइडने लोखंड गंजतं ते वेगळंच. धुणं परवडतं, विरघळवणं नाही.

पिंजणं

कापूस पिंजल्यावर जसा फुलतो तसा तंतू फुलवायचा आहे. फरक इतकाच, की इथे तंतूच्या भिंतीतल्या अतिसूक्ष्म दोऱ्या सुट्या करायच्या आहेत. अमेरिकेतल्या आयटीटी रेयोनिअर कंपनीच्या टर्बाक, स्नायडर आणि सँडबर्ग या तिघांनी १९८३ साली मायक्रोफिब्रिलेटेड सेल्युलोजबद्दल लिहिलं तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. अडलं होतं ते विजेवर. नुसत्या होमोजनायझरने (मोठ्या दाबाने अरुंद फटीतून माल ढकलणाऱ्या यंत्राने) केलं तर टनामागे वीस-तीस हजार किलोवॉट-तासांची भाषा होते. आपल्याला तितकं बारीक जायचंच नाही. अर्धवट पिंजलेला माल, ज्यात काही तंतू पूर्ण उकललेले आणि काही फक्त अंगावर लव आलेले आहेत, तोच कागदाला जास्त मानवतो आणि निथळतोही बरा.

लॅबमध्ये पिंजायला व्हॅली बीटर असेल तर प्रमाणित भरणी ३६० ग्रॅम कोरडा तंतू २३ लिटर पाण्यात, म्हणजे १.५७ टक्के. पीएफआय मिल असेल तर ३० ग्रॅम, १० टक्के कन्सिस्टन्सीला (कन्सिस्टन्सी म्हणजे मिश्रणातलं कोरड्या मालाचं प्रमाण). दोन्ही चालतात. त्यानंतर दगडी चकत्यांच्या ग्राइंडरमधून दीड ते तीन टक्के कन्सिस्टन्सीला काही फेऱ्या काढल्या तर फरक डोळ्यांना दिसतो: पाण्यात तरंगणारा कोंडा नाहीसा होतो आणि भांड्यात खळीसारखा घट्ट, चकचकीत जेल उरतो. चमचा उभा केला की क्षणभर थांबून सावकाश कलंडतो.

वीज वाचवायची असेल तर आधी एंझाइम. एंडोग्लुकनेज प्रकारचं, ५० अंश सेल्सिअसला, पीएच ५ च्या आसपास, तास-दोन तास. मग ८० अंशांच्या वर पंधरा-वीस मिनिटं तापवून त्याचं काम थांबवायचं, नाहीतर ते पुढे मशीनपर्यंत तंतू कुरतडत राहील. इथे फिलर पुन्हा आडवा येतो. गाळात कार्बोनेट शिल्लक असेल तर पीएच पाचवर टिकतच नाही. आम्ल घालावं तसा फेस येतो आणि मीटरचा काटा पुन्हा साडेसातकडे सरकतो. बादलीत फेस दिसला की एंझाइमची बाटली बंद करा आणि धुण्याच्या पायरीवर परत जा, किंवा उदासीन पीएचला चालणारं एंझाइम मागवा.

पुरेसं पिंजलं का हे एसआरवरून ओळखायला जाऊ नका. ८० च्या पुढे ती चाचणी फसवते; बारीक माल जाळीतूनच निसटतो आणि आकडा चक्क खाली येऊ लागतो. त्याऐवजी मोजपात्राची साधी चाचणी करा. ०.५ टक्क्याचं मिश्रण ५०० मिलिलिटरच्या उभ्या मोजपात्रात भरा, हलवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. न पिंजलेला गाळ खाली बसून वर बरंच पाणी दिसेल. पिंजलेला माल जवळजवळ काठापर्यंत तसाच धुरकट उभा असेल. आणि अगदी तळाशी पांढरी कडी दिसली तर ती नीट पाहा: ती फिलरची आहे. वीस सेकंदांच्या या निरीक्षणाने मला भट्टीपेक्षा जास्त वेळा सावध केलं आहे.

पिंजलेला माल कधीही वाळू देऊ नका. भांड्याच्या कडेला सुकलेली पापडी खरवडून परत आत ढकलू नका. ती पुन्हा सुटी होत नाही आणि कागदात पारदर्शक ठिपका बनून दिसते. लॅबमध्ये चार अंशांना झाकून ठेवा, गोठवू नका, आणि आठवड्यात संपवा.

ट्रायल कशी मांडायची

इथे बहुतेक प्रयोग आपलीच फसवणूक करून घेतात. नुसती रद्दी एकीकडे आणि रद्दी अधिक गाळ अधिक स्टार्च दुसरीकडे, अशी तुलना करून बळ वाढलं म्हणायचं. वाढलं ते स्टार्चने की गाळाने? म्हणून निदान सहा संच करा: नुसता रद्दीचा पल्प, त्यात फक्त स्टार्च, त्यात न पिंजलेला धुतलेला गाळ ५ टक्के, पिंजलेला गाळ ५ टक्के, स्टार्चसह पिंजलेला गाळ २ आणि ५ टक्के असे दोन. आणि सातवा, ज्याचा राग मॅनेजरला येतो पण जो सगळ्यात महत्त्वाचा: गाळ अजिबात न घालता रद्दीचाच पल्प इतका रिफाइन करा की त्याचा एसआर पिंजलेल्या गाळाच्या संचाइतका होईल. गाळाने या सातव्या संचाला हरवलं तरच सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे.

प्रमाणं अशी काढा. एका संचाला २४ ग्रॅम कोरडा माल, ०.३ टक्क्याला ८ लिटर मिश्रण, प्रत्येक हँडशीटला (लॅबच्या साच्यावर केलेल्या चाचणीच्या कागदाला) ४०० मिलिलिटर म्हणजे १.२ ग्रॅम, वीस शीट. १५९ मिलिमीटर व्यासाच्या साच्यावर हे साठ जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅमच्या) आसपास बसतं. ५ टक्के गाळ म्हणजे १.२ ग्रॅम कोरडा. २ टक्क्यांचा जेल असेल तर ६० ग्रॅम जेल. तेवढाच रद्दीचा पल्प कमी करा. वरून भर घालू नका, नाहीतर जीएसएम वाढतं आणि बर्स्टचा आकडा उगाच सुखावतो. ०.८ टक्के स्टार्च म्हणजे ०.१९२ ग्रॅम, एक टक्क्याच्या शिजवलेल्या द्रावणाचे १९.२ ग्रॅम. स्टार्च ९० ते ९५ अंशांना अर्धा तास शिजलेला हवा आणि त्याच दिवशीचा.

घालण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी रद्दीच्या तंतूंवर कॅटायनिक स्टार्च बसू द्या, काही मिनिटं ढवळा, मग पिंजलेला गाळ, शेवटी रिटेन्शन एड. तंतूवर स्टार्चचा धन भार आला की ऋण भाराच्या बारीक दोऱ्या त्यावर जाऊन बसतात. उलटं केलं तर त्या दोऱ्याच सगळा स्टार्च पिऊन टाकतात आणि एकमेकींत गोळा होतात.

आता माझी एक चूक. सुरुवातीला मी प्रत्येक शीटला नळाचं स्वच्छ पाणी वापरलं. सगळे संच जवळपास सारखे आले आणि मी अहवालात ‘परिणाम नाही’ असं ठोकून दिलं. दोन दिवसांनी साच्याखालच्या बादलीत सहज हात घातला तर तळाला बुळबुळीत थर. माझा सगळा पिंजलेला गाळ तिथे बसला होता. कागदात तो गेलाच नव्हता. तेव्हापासून साच्याचं पाणी फिरवून वापरतो. पहिल्या आठ शीट करून टाकून देतो, तोवर पाण्यातल्या बारीक मालाचं प्रमाण स्थिरावतं, आणि मगच्या बारा शीट चाचणीला घेतो. मशीनवरही बॅक वॉटर, म्हणजे जाळीखाली निथळलेलं पाणी, असंच फिरत असतं, त्यामुळे हे वास्तवाला जास्त धरून आहे.

शीट दाबून, रिंगमध्ये ताणून वाळवा, २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला रात्रभर ठेवा, मगच तपासा. दमट दिवशी घाईने घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आकडे वाचताना

टेन्साइल इंडेक्स काढा, म्हणजे पट्टी ओढून तोडायला लागलेलं बळ भागिले जीएसएम; नुसता टेन्साइल नको. १५ मिलिमीटरची पट्टी ३१.५ न्यूटनला तुटली तर मीटरमागे २१०० न्यूटन. त्याला ६० ने भागलं की ३५ न्यूटन-मीटर प्रति ग्रॅम. सोबत बर्स्ट इंडेक्स, टेअर (फाडायला लागणारं बळ), जाडी, शीटची राख आणि निथळायला लागलेले सेकंद. पुठ्ठ्याच्या गिरणीत असाल तर एससीटी (आखूड पट्टी किती दाब सोसते ती चाचणी) आणि पदरांमधला जोडही.

टेन्साइल, बर्स्ट आणि पदरांचा जोड वाढताना दिसतील. टेअर वाढेलच असं नाही. जोड घट्ट झाला की कधी कधी तो उतरतो. जाडी कमी होईल, कारण शीट दाट होते, आणि जाडी गेली की ताठपणावर परिणाम होतो. म्हणून जाडी विकणाऱ्या मालाला, म्हणजे फोल्डिंग बोर्डाच्या मधल्या पदरासारख्या ठिकाणी, हा उपाय लावू नये. क्राफ्ट लायनर आणि फ्लूटिंग (खोक्याच्या पुठ्ठ्याचा बाहेरचा आणि नालीदार मधला कागद), पिशव्यांचा कागद इथे तो शोभतो.

मग एक साधा भागाकार: टेन्साइल इंडेक्स किती वाढला, भागिले एसआर किती चढला. सगळ्या संचांचं हे प्रमाण एकाखाली एक लिहा. दोन आणि पाच टक्क्यांमध्ये बऱ्याचदा दोनच जिंकतो. पाचवर बळ थोडं आणखी मिळतं, पण निथळणं धाडकन ढासळतं. शीटच्या राखेवरही नजर ठेवा. स्टार्चसह संचात राख चढली असेल तर रिटेन्शन सुधारल्यामुळे रद्दीतला फिलरही जास्त अडकला आहे. खरं बळ आकड्यापेक्षा थोडं जास्त आहे असं समजा.

मशीनवर

एक टक्क्याने सुरू करा. स्टार्च मिक्सिंग चेस्टला, पिंजलेला गाळ मशीन चेस्टला (मशीनआधीच्या टाकीला), रिटेन्शन एड प्रेशर स्क्रीनच्या पुढे. जेल सरळ पातळ स्टॉकमध्ये (पाणी घालून पातळ केलेल्या पल्पमध्ये) सोडू नका, त्याच्या गुठळ्या सुटत नाहीत.

पहिला तास वायरजवळ उभं राहून ओली रेषा बघा, ज्या ठिकाणी पृष्ठभागावरची पाण्याची चमक संपते ती. ती कूच रोलकडे, म्हणजे जाळीच्या शेवटच्या रोलकडे, सरकू लागली की निथळणं मंदावलं. कंट्रोल रूमच्या पडद्याआधी ऑपरेटरला हे दिसतं. प्रेसनंतरचा कोरडेपणा मोजत राहा. तो ४२ वरून ४१ टक्क्यांवर आला, तर एक किलो तंतूमागे प्रेसनंतर उरलेलं पाणी १.३८ वरून १.४४ किलो होतं. कागद सात टक्के ओलाव्याला गुंडाळत असाल तर ड्रायरला ४.४ टक्के जास्त पाणी उडवावं लागतं. स्टार्चमध्ये वाचवलेलं सगळं इथे वाफेत जाऊ शकतं. म्हणून बळ वाढलेलं दिसलं की लगेच रद्दीच्या पल्पचं रिफायनिंग कमी करा. गाळाने दिलेलं बळ ठेवायचं आणि रिफायनरने चढवलेला एसआर उतरवायचा. हे केलं नाही तर ट्रायल बहुधा वेग कमी करण्यात संपते.

बॅक वॉटरची कन्सिस्टन्सी दर तासाला घ्या. ती चढतच राहिली तर बारीक माल कागदात न बसता चक्रात फिरतोय. थोड्याच वेळात फेल्ट (प्रेसमधले जाड कापडी पट्टे) चोंदतील. रिटेन्शन एडचा डोस बघा आणि तरीही उतरली नाही तर गाळ थांबवा. डाग वाढले तर स्क्रीन तपासा. अन्नपदार्थांना थेट लागणाऱ्या कागदात हा माल घालू नका. गाळात शाईची तेलं, उजळकं आणि जंतुनाशकं कशीही आलेली असू शकतात.

शेजारी ताज्या पल्पचा विभाग असणाऱ्यांसाठी एक जोड. अल्कलीने काढलेलं झायलन, म्हणजे हेमिसेल्युलोज, तंतूंवर बसतं आणि वाळताना पापुद्र्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. शिंगाळणं मुळात कमी करण्याचा तो मार्ग आहे, आणि पिंजलेल्या गाळासोबत तो चांगला चालतो.

शेवटची गोष्ट टाकीची. स्टार्च लागलेला तंतू हवेशिवाय पडून राहिला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो; प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं, म्हणजे धोका टळला असं वाटतं तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. पल्पच्या चेस्टमध्ये आणि गाळाच्या टाक्यांमध्ये माणसं अशीच गेली आहेत, आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही. शटडाउनच्या आधी जेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. राहिलीच असेल तर वायुमापकाने तपासल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका.